ब्रिटिश डिझेल इंजिनांच्या लघुप्रतिकृती : इतिहास, परीक्षा आणि जतन

ब्रिटनमधील रेल्वेप्रतिकृतींचा छंद म्हटला की सामान्यतः वाफेची इंजिने डोळ्यांसमोर येतात. तथापि या छंदाची डिझेल इंजिनांना वाहिलेली शाखाही तितकीच समृद्ध आहे. १९५५नंतरच्या ब्रिटिश रेल्वेवर धावलेल्या, आणि बहुतांशी भंगारात गेलेल्या, डिझेल इंजिनांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती जमवणे, त्यांचा कालखंड व तपशील पडताळणे आणि त्या चालत्या अवस्थेत राखणे असे या संग्रहाचे स्वरूप आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हा छंद शिरू लागला आहे. मुलासाठी घेतलेला पहिला गाडीचा संच पुढे वडिलांच्याच कपाटात जाऊन बसतो. या छंदात पैसा बराच गुंतत असल्याने आणि चुकीची खरेदी किंवा चुकीची साठवण सहज घडत असल्याने, विषयाची मूलभूत माहिती प्रस्तुत लेखात एकत्र केली आहे.

मूळ इंजिनांचा इतिहास

ब्रिटनमधील मुख्य मार्गावरचे पहिले डिझेल-विद्युत इंजिन, क्रमांक १००००, डिसेंबर १९४७मध्ये बाहेर पडले. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंता एच. जी. आयव्हॅट आणि इंग्लिश इलेक्ट्रिक ही कंपनी यांच्या सहकार्यातून ते घडले. त्यानंतर काही दिवसांतच, १ जानेवारी १९४८ रोजी, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. नव्या व्यवस्थेने पुढील काही वर्षे वाफेवरच भर दिला. १९५५च्या आधुनिकीकरण योजनेने हे धोरण पालटले. सुमारे १२४ कोटी पौंडांच्या या योजनेत वाफेची इंजिने क्रमाक्रमाने काढून त्यांच्या जागी डिझेल व विजेची इंजिने आणण्याचा निर्णय झाला.

सुरुवात सावधपणे होणार होती. वेगवेगळ्या कारखान्यांकडून १७४ प्रायोगिक डिझेल इंजिने घ्यायची, ती काही वर्षे चालवून पाहायची आणि मग मोठ्या मागण्या नोंदवायच्या, असा मूळ बेत होता. यांपैकी पहिले, डी८०००, जून १९५७मध्ये दाखल झाले. परंतु रेल्वेचा तोटा वाढत गेला आणि चाचण्यांचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच शेकडो इंजिनांच्या मागण्या दिल्या गेल्या. परिणामी काही वर्ग कमालीचे टिकाऊ निघाले, तर काही जेमतेम दहा वर्षांत मोडीत काढावे लागले. ऑगस्ट १९६८मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील वाफेची नियमित सेवा संपली, त्याच सुमारास अनेक नवी डिझेल इंजिनेही भंगारवाल्याच्या आवारात पोहोचली होती.

संग्राहकाला परिचित असावेत असे प्रमुख वर्ग पुढीलप्रमाणे आहेत. यार्डात शंटिंग करणारा क्लास ०८ हा संख्येने सर्वांत मोठा. १९५२ ते १९६२ या काळात त्याची ९९६ इंजिने बांधली गेली. एक हजार अश्वशक्तीच्या क्लास २०ची संख्या २२८ होती. १७५० अश्वशक्तीच्या क्लास ३७ची ३०९ इंजिने १९६० ते १९६५ दरम्यान तयार झाली आणि त्यांतील काही साठ वर्षांनंतरही कामावर राहिली. क्लास ४०ची संख्या २००, तर प्रवासी व माल दोन्ही ओढणाऱ्या क्लास ४७ची संख्या ५१२ होती. क्लास ५५ अर्थात 'डेल्टिक' हे या कुळातले मानकरी. दोन नेपियर इंजिनांची मिळून ३३०० अश्वशक्ती बाळगणारी केवळ २२ इंजिने १९६१-६२मध्ये आली आणि लंडनच्या किंग्ज क्रॉसहून स्कॉटलंडकडे जाणाऱ्या मार्गावरील ५५ वाफेच्या इंजिनांचे काम त्यांनी उचलले. जानेवारी १९८२च्या प्रारंभी त्यांची सेवा संपली.

पश्चिम विभागाने मात्र वेगळी वाट धरली. इतर विभागांत डिझेल इंजिन जनित्र फिरवी व त्या विजेवर चाके चालत. पश्चिम विभागाने जर्मन पद्धतीचे द्रवचालित प्रसारण स्वीकारले. 'वॉरशिप' व 'वेस्टर्न' हे वर्ग त्यातून जन्मले. क्लास ५२ 'वेस्टर्न'ची ७४ इंजिने स्विंडन व क्रू येथे बांधली गेली आणि १९७७मध्ये सेवेतून गेली. इतर देशभर विद्युत प्रसारणाची पद्धत स्थिर झाल्यावर या निराळ्या यंत्रांची देखभाल परवडेना, हे त्यांच्या अल्पायुष्याचे मुख्य कारण होय.

प्रतिकृती हाच उरलेला देह

या संग्रहाचे महत्त्व ज्या एका गोष्टीमुळे केवळ हौसेपलीकडे जाते, ती येथे नोंदवली पाहिजे. ब्रिटनमधील स्वयंसेवकांनी शेकडो जुनी इंजिने वाचवली हे खरे. परंतु डिझेलच्या पहिल्या पिढीबाबत ते उशिरा जागे झाले. साठच्या दशकात जनमानस वाफेच्या वियोगात गुंतले होते आणि डिझेल इंजिन म्हणजे त्या वियोगाचे कारण, अशी भावना होती. त्यामुळे आयव्हॅट यांचे १०००० व त्याचे जुळे भावंड १०००१ ही दोन्ही ऐतिहासिक इंजिने वितळवली गेली. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने बांधलेल्या क्लास २१ आणि क्लास २२ यांची प्रत्येकी ५८ इंजिने होती. त्यांतले एकही उरले नाही. 'बेबी डेल्टिक' म्हणून ओळखला जाणारा क्लास २३ दहा इंजिनांचा होता; तोही संपूर्ण नाहीसा झाला. क्लास १७च्या ११७ इंजिनांपैकी एक आणि क्लास २८च्या २०पैकी एक एवढेच शिल्लक आहे.

क्लास २८चे उदाहरण विशेष बोलके आहे. एका बाजूला तीन व दुसऱ्या बाजूला दोन आस अशी विषम रचना आणि तक्रारखोर क्रॉस्ली इंजिन यांमुळे हा वर्ग १९६८पर्यंत संपला. मात्र हॉर्नबी डब्लो या खेळणी उत्पादकाने १९६१मध्ये त्याची प्रतिकृती बाजारात आणली होती. त्या धातूच्या व प्लास्टिकच्या छोट्या इंजिनांपैकी कितीतरी आजही रुळांवर फिरतात. मूळ यंत्र आठ-दहा वर्षे जगले आणि त्याचे खेळणे साठ वर्षांहून अधिक टिकले. ज्या वर्गाचे एकही मूळ इंजिन उरलेले नाही, त्याची लांबी-रुंदी, खिडक्यांची ठेवण व रंगाची छटा त्रिमितीत पाहण्याचे साधन म्हणून प्रतिकृतीच राहते. म्हणून तिच्या अचूकतेविषयी संग्राहक जो काटेकोरपणा दाखवतात, तो बाहेरच्याला वाटतो तितका अनाठायी नाही.

प्रमाण आणि गेज

नवागताची पहिली अडचण मोजमापाची असते. प्रमाण म्हणजे मूळ वस्तूच्या तुलनेत प्रतिकृती किती पट लहान आहे हे दर्शवणारा आकडा. गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर. ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेल्या ओओ पद्धतीत प्रमाण एका फुटास चार मिलिमीटर, म्हणजे सुमारे १:७६ असते. मात्र रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. हेच रूळ अमेरिकेत व युरोपात प्रचलित असलेल्या १:८७ प्रमाणाच्या एचओ पद्धतीतही वापरले जातात. इंजिनाचे कवच एका मापाचे आणि रूळ दुसऱ्या मापाचे, अशी ही विसंगती आहे. हिशेब केल्यास ओओ रुळांचे अंतर प्रत्यक्षातील १४३५ मिलिमीटरऐवजी सुमारे १२५७ मिलिमीटर भरते, म्हणजे जवळपास सात इंचांनी अरुंद.

याचे कारण १९२० व १९३०च्या दशकांत आहे. ब्रिटिश बोगदे व फलाट अरुंद असल्याने तेथील इंजिने युरोपीय इंजिनांपेक्षा आकाराने लहान असत. त्या काळच्या विद्युत मोटारी १:८७च्या ब्रिटिश कवचात मावत नसत. म्हणून कवच थोडे मोठे केले आणि रूळ तेच ठेवले. १९३८मध्ये आलेल्या हॉर्नबी डब्लोने ही तडजोड रूढ केली आणि ती आजतागायत टिकून आहे. ज्यांना ती खटकते, ते १८.२ मिलिमीटरचे ईएम किंवा १८.८३ मिलिमीटरचे पी४ हे रूळ वापरतात; परंतु त्यासाठी चाके बदलणे व रूळ स्वतः बांधणे भाग पडते.

याखेरीज १:१४८ प्रमाणाची, नऊ मिलिमीटर रुळांची ब्रिटिश एन पद्धती लहान घरांसाठी सोयीची आहे. सुमारे १:४३.५ प्रमाणाची ओ पद्धती भव्य, पण जागाखाऊ आहे. १:१२० प्रमाणाची टीटी पद्धती २०२२मध्ये ब्रिटिश बाजारात नव्याने आली. फरक लक्षात येण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे : २१.१८ मीटर लांबीचे डेल्टिक ओ पद्धतीत सुमारे ४९ सेंटिमीटर, ओओमध्ये सुमारे २८ सेंटिमीटर आणि एनमध्ये सुमारे १४ सेंटिमीटर भरते. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकाने ध्यानात ठेवावे की ओओ इंजिन तेथील एचओ रुळांवर विनासायास धावते. मात्र तेथील डब्यांशेजारी ते काहीसे थोराड दिसते.

उत्पादकांची परंपरा

मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी यांनी १९२०मध्ये खेळण्यातील गाड्या आणल्या. त्यांच्या निधनानंतर, १९३८मध्ये, त्यांच्या कंपनीने डब्लो मालिका सुरू केली. युद्धोत्तर काळात तिला ट्रायअँगच्या स्वस्त प्लास्टिक गाड्यांनी आव्हान दिले. ट्रायअँगची मालक असलेल्या लाइन्स ब्रदर्सने १९६४मध्ये मेकॅनो कंपनीच विकत घेतली आणि दोन्ही मालिका एका नावाखाली आल्या. लाइन्स ब्रदर्स १९७१मध्ये कोसळल्यावर हा व्यवसाय हॉर्नबी या नावाने पुढे चालू राहिला.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात एअरफिक्स आणि पॅलिटॉयची मेनलाइन मालिका यांनी तपशिलाची पातळी उंचावली. इटलीतील लिमा कंपनीने ब्रिटिश डिझेल इंजिनांची मोठी मालिका माफक किमतीत दिली आणि नव्वदच्या दशकात तेच कवच असंख्य रंगसंगतींत काढून संग्राहकांची एक पूर्ण पिढी घडवली. लिमाचा कारभार २००४मध्ये आटोपला व तिची मालमत्ता हॉर्नबीकडे गेली. हाँगकाँगच्या केडर समूहाच्या बाकमनने १९८९पासून ब्रिटनमध्ये पाय रोवले आणि २०००मध्ये एन पद्धतीतील ग्रॅहम फॅरिश ही मालिका आपल्याकडे घेतली. डेन्मार्कची हेल्यान, वेल्समधील डॅपोल आणि अलीकडे आयर्लंडमधील अॅक्युरास्केल यांनी या स्पर्धेत भर घातली आहे.

नव्वदच्या दशकापासून बहुतांश उत्पादन चीनमध्ये होते. नव्या प्रतिकृतीची वाटचाल साधारण अशी असते : संग्रहालयांतील मूळ आराखड्यांचा अभ्यास, जतन केलेल्या इंजिनाचे लेसर मापन, संगणकावरील रेखन, साचे, रंग न दिलेला चाचणी नमुना, रंगीत नमुना आणि शेवटी उत्पादन. घोषणेपासून दुकानापर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. त्यामुळे आगाऊ नोंदणीची प्रथा रुळली आहे.

कालखंड ओळखण्याच्या खुणा

एकाच इंजिनाची वीस वेगवेगळी रूपे बाजारात का मिळतात, हा प्रश्न नवागताला पडतो. उत्तर असे की मूळ इंजिनानेच आयुष्यात तेवढी रूपे पालटली. रंग, क्रमांक व समोरचा चेहरा यांवरून प्रतिकृतीचा काळ अचूक सांगता येतो.

प्रारंभी डिझेल इंजिने हिरव्या रंगाची होती. पश्चिम विभागाने मात्र तपकिरी-लाल रंगाचा आग्रह धरला आणि पहिले 'वेस्टर्न', डी१०००, तर वाळूच्या रंगात आणले. रुळांवर काम करणाऱ्या कामगारांना ही शांत इंजिने दुरून दिसावीत म्हणून साठच्या दशकाच्या आरंभी चेहऱ्यावर पिवळा चौकोन आला. त्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण चेहरा पिवळा करण्यात आला. १९६५मध्ये दुहेरी बाणाचे चिन्ह व निळा रंग स्वीकारला गेला. १९६८मध्ये वाफ संपल्यावर क्रमांकाआधीच्या 'डी' अक्षराची गरज उरली नाही, म्हणून ते हळूहळू पुसले गेले. १९७३पासून संगणकीय पद्धतीचे पाच अंकी क्रमांक आले. त्यातील पहिले दोन अंक वर्ग दर्शवतात. उदाहरणार्थ, डी९००० 'रॉयल स्कॉट्स ग्रे' हे डेल्टिक ५५०२२ झाले.

इंजिनाच्या कपाळावरील चार चिन्हांची पाटी हीदेखील महत्त्वाची खूण आहे. पहिला अंक गाडीचा प्रकार, त्यापुढचे अक्षर गंतव्य विभाग आणि शेवटचे दोन अंक त्या विशिष्ट फेरीचा क्रमांक सांगत. १९७६च्या प्रारंभी ही पद्धत बंद झाली. काही काळ चार शून्ये आणि पुढे काळ्या पाटीवर दोन पांढरे ठिपके दिसू लागले. तेव्हा चार शून्ये मिरवणारे हिरवे इंजिन दिसले, तर ते खेळणे म्हणून ठीक, ऐतिहासिक प्रतिकृती म्हणून मात्र शंकास्पद समजावे. १९८२पासून रेल्वेची व्यवसायनिहाय विभागणी झाली आणि निळ्या एकरंगी राज्याची जागा इंटरसिटी, नेटवर्क साउथईस्ट व मालवाहतूक विभागांच्या रंगांनी घेतली. १९९३च्या कायद्यानुसार खासगीकरण झाल्यावर तर रंगांचा पूर लोटला.

अनुभवी संग्राहक या पसाऱ्याला एखादी मर्यादा घालून घेतो. कोणी एकच वर्ग निवडतो, कोणी एकच विभाग, कोणी एखाद्या स्थानकाचे एकच वर्ष. मर्यादा नसलेला संग्रह लवकरच दुकानाच्या गोदामासारखा दिसू लागतो आणि तसाच विस्मृतीतही जातो.

यंत्र आणि वीज

जुन्या प्रतिकृतींत मोटार एकाच बोगीत बसवलेली असे. बोगी हा शब्द येथे डबा या मराठी रूढार्थाने नव्हे, तर इंजिनाखालची वळती चाकगाडी या अर्थाने घ्यावा. चाकांना पकड यावी म्हणून रबरी कडी बसवत. ती कालांतराने सैल होत किंवा कडक पडत. आधुनिक प्रतिकृतींत मोटार मध्यभागी असते, जड फिरते चक्र तिची गती एकसारखी ठेवते आणि दोन्ही बोग्यांतील चाके चालवली जातात. त्यामुळे इंजिन अगदी मुंगीच्या चालीनेही सरकू शकते.

पारंपरिक पद्धतीत रुळांतील बारा व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह कमी-जास्त करून वेग बदलतात. डीसीसी या अंकीय पद्धतीत रुळांत सतत वीज असते आणि प्रत्येक इंजिनातील डीकोडर स्वतःच्या क्रमांकाला आलेली आज्ञा तेवढी पाळतो. त्यामुळे एकाच रुळावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालवता येतात, दिवे लावता येतात आणि मूळ इंजिनाच्या ध्वनिमुद्रणावरून तयार केलेला आवाजही ऐकता येतो. खरेदीपूर्वी डीकोडर बसवलेला आहे, त्यासाठी केवळ खाच आहे की तीही नाही, हे तपासावे. खाचांचे आठ, एकवीस, बावीस टोकांचे व 'नेक्स्ट १८' असे प्रकार असून ते परस्परांत सहजी चालत नाहीत. ब्रिटनमधून अमेरिकेत स्थलांतर करणाऱ्याने नियंत्रकाचा पुरवठा २३० व्होल्टचा आहे की १२० व्होल्टचा, हेही पाहावे. इंजिनाला त्याने फरक पडत नाही, नियंत्रकाला पडतो.

वापरलेला माल घेताना

नव्या ओओ डिझेल इंजिनाची किंमत आज बहुधा दीडशे पौंडांच्या पुढे असते आणि आवाजासह ती अडीचशेच्या पुढेही जाते. त्यामुळे वापरलेल्या प्रतिकृतींचा बाजार मोठा आहे. प्रदर्शनातील फेरीवाले, जुन्या मालाची दुकाने, लिलाव आणि संघटनांच्या सभासदांतील देवाणघेवाण हे त्याचे मार्ग होत. डिझेल व विद्युत प्रतिकृतींना वाहिलेली डीईएमयू ही संघटना आणि १९१०मध्ये स्थापन झालेला लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब येथे जाणकारांची गाठ पडते.

इंजिन हातात घेतल्यावर पुढील क्रमाने पाहणी करावी. चालवून दाखवण्याची विनंती करावी. दोन्ही दिशांना, मंद गतीत. टकटक असा ठराविक आवाज आल्यास आसावरील प्लास्टिकचे दातेरी चाक तडकलेले असण्याचा संभव असतो. कवच व सांगाडा यांमधील फट एकसारखी आहे का, हे पाहावे. आरसे, नळ्या, शिड्या, कठडे असे बारीक भाग जागेवर आहेत का आणि खोक्यातील जोडसामानाची पुडी शिल्लक आहे का, तेही तपासावे. खोक्यावरील क्रमांक व आतील इंजिनाचा क्रमांक जुळतो का, हे तर आवर्जून पाहावे. अदलाबदल सर्रास होते.

झिंकची व्याधी

संग्राहकाला सर्वाधिक भीती असते ती सांगाड्याच्या ऱ्हासाची. प्रतिकृतीला वजन यावे म्हणून सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा ओततात. ओतीव कामात शिसे वा तत्सम अशुद्धी अत्यल्प प्रमाणात जरी मिसळली, तरी धातूच्या कणांमधील सीमारेषांवर आतून गंज सुरू होतो. सांगाडा फुगतो, वाकतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी तो बोटांनी चुरतो. कवचही त्याच्या दाबाने तडकते. हा दोष ओतीव कामातच जन्मतो. तो संसर्गजन्य नाही, शेजारच्या इंजिनाला होत नाही, परंतु एकदा सुरू झाल्यावर थांबवताही येत नाही. दमट हवा त्याला वेग देते. युद्धपूर्व खेळण्यांत तो आढळतो, तसाच गेल्या पंचवीस वर्षांतील काही उत्पादनांतही आढळला आहे. सुटा सांगाडा मिळाला तर बदलणे, एवढाच त्यावर इलाज आहे.

म्हणूनच साठवणीची जागा महत्त्वाची ठरते. ब्रिटिश घरांतील पोटमाळा हा सर्वांत सोयीचा वाटतो आणि तोच सर्वांत वाईट असतो. उन्हाळ्यात तो तापतो, हिवाळ्यात गारठतो आणि ओल धरतो. आखाती देशांत बंद घरात वातानुकूलन थांबवून महिनाभर भारतात गेल्यावर परततो तो प्लास्टिक वाकलेले, असे होऊ शकते. नोकरीच्या बदलीत सामान समुद्रमार्गे पाठवताना कंटेनरमधील उष्णता विचारात घ्यावी. शक्य तेवढी इंजिने हातसामानातून न्यावीत. राहत्या खोलीतील, थेट उन्हापासून दूर असलेले काचेचे कपाट उत्तम. जुन्या खोक्यांतील फोम कालांतराने विरघळून रंगाला चिकटतो, तेव्हा तो काढून आम्लरहित कागद वापरावा. वर्षातून दोन-तीनदा प्रत्येक इंजिन चालवावे, नाहीतर तेल घट्ट होऊन यंत्र अडते. तेल प्लास्टिकला न बाधणारे असावे आणि त्याचा थेंब सुईच्या अग्राएवढाच द्यावा.

मूल्याचा प्रश्न

'पुढे याची किंमत वाढेल' हे विक्रेत्याचे वाक्य या छंदात वारंवार ऐकू येते. अनुभव वेगळे सांगतो. ज्या वर्गाची प्रतिकृती दुर्मीळ आहे, त्याचे भाव चढतात हे खरे. परंतु एखाद्या उत्पादकाने त्याच वर्गाचा अधिक अचूक साचा जाहीर केला, की जुन्या प्रतिकृतीचा भाव घसरतो. मर्यादित आवृत्तीचे प्रमाणपत्र असले तरी मर्यादा किती हजारांची आहे, हे वाचायला हवे. शिवाय मागणी ही आठवणींवर अवलंबून असते. साठच्या दशकात स्थानकावर वही घेऊन इंजिनांचे क्रमांक टिपणारी मुले आज सत्तरीपलीकडे आहेत. त्यांचे संग्रह एकामागून एक बाजारात येत असून, त्या जागी तेवढेच नवे ग्राहक येतील अशी खात्री देता येत नाही. तेव्हा गुंतवणूक म्हणून या वस्तू घेऊ नयेत. आनंदापुरता खर्च करावा आणि परतावा मिळालाच तर तो योगायोग मानावा.

नोंदवहीचे महत्त्व मात्र निर्विवाद आहे. उत्पादक, सूचीक्रमांक, इंजिनाचा क्रमांक व रंगसंगती, खरेदीची तारीख व किंमत, डीकोडरचा प्रकार, दोष आणि छायाचित्र अशा नोंदी असाव्यात. घरविम्यासाठी त्या लागतातच. मात्र त्यांची खरी गरज संग्राहकाच्या मागे भासते. नोंद नसलेला संग्रह घरच्यांना खेळण्यांचा ढीग वाटतो. घर रिकामे करण्याच्या घाईत तो एकगठ्ठा, मूल्याच्या अल्पांशाने विकला जातो किंवा धर्मादाय दुकानात पोहोचतो. मुले एका देशात, घर दुसऱ्या देशात अशी स्थिती असलेल्या स्थलांतरित कुटुंबांत ही शक्यता अधिक. वहीच्या शेवटच्या पानावर कोणत्या जाणकाराला वा लिलावगृहाला विचारावे, काय एकत्रच राहावे आणि काय कोणाला द्यावे, एवढे चार ओळींत लिहून ठेवले तरी बरेच वाचते. कारखान्यात घाऊक बनलेल्या प्रतिकृती संग्रहालये सहसा स्वीकारत नाहीत, हेही आधीच जाणून घेतलेले बरे.

न्यूटन-ले-विलोज ते बोरीबंदर

या इंजिनांचा महाराष्ट्राशी असलेला धागा फारसा कोणाच्या ध्यानात नसतो. क्लास २०, ३७, ४०, ५० आणि डेल्टिक या वर्गांची बहुसंख्य किंवा सर्व इंजिने लँकेशायरमधील न्यूटन-ले-विलोज येथील व्हल्कन फाउंड्री या कारखान्यात बांधली गेली. १९५५पासून तो इंग्लिश इलेक्ट्रिकच्या मालकीचा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीची वाफेची इंजिनेही याच कारखान्यातून आली होती. पुढे मुंबई-पुणे मार्गासाठीची डब्ल्यूसीएम-१ ही विजेची इंजिने १९५४-५५च्या सुमारास याच कारखान्यातून आली. दादर वा कल्याणच्या फलाटावरून ज्यांनी ती पाहिली, त्यांना डेल्टिकच्या चेहऱ्यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही.

सुट्टीत महाराष्ट्रात जाणाऱ्यांना पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहता येईल. १९९८पासून ते लोकांसाठी खुले आहे. ब्रिटनमध्ये मूळ इंजिने पाहण्यासाठी यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय व त्याचीच शिल्डन येथील शाखा ही दोन ठिकाणे अग्रक्रमाने पाहावीत. उत्पादित २२ डेल्टिकांपैकी सहा जतन झाली असून काही अधूनमधून वारसा रेल्वेमार्गांवर धावतात. प्रतिकृती घेण्यापूर्वी तिचे मूळ एकदा तरी प्रत्यक्ष पाहावे आणि त्याचा आवाज ऐकावा. त्यानंतर कपाटात काय ठेवायचे आणि काय दुकानातच सोडायचे, हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.